माझे टॉप फाइव्ह, खरेखुरे!

'तुझे ऑल टाइम फेव्हरेट पिक्चर कुठले?' हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, बॉस! इंटरव्ह्यूत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये किंवा कांदेपोह्यांनंतरच्या त्या अवघडलेल्या कॉफीवर तो आला की समजायचं, समोरचा आपली परीक्षा घेतोय. त्यातून मी मास कॉमवाली. आमच्याकडून लोकांच्या अपेक्षा जरा जास्तच. त्यामुळे माझं उत्तर पाठ होतं. 'गॉडफादर', 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ज', 'सेव्हन सामुराय' आणि 'टोकियो स्टोरी'. समोरचा गार!

आता खरं सांगते. 'गॉडफादर' बघताना मला मध्येच झोप लागली होती. आणि 'टोकियो स्टोरी' तर मी तीन वर्षं न बघताच यादीत मिरवत होते. वर्गात सरांनी नाव घेतलं होतं. २०१२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाच्या मतदानात जगभरातल्या दिग्दर्शकांनी त्याला पहिला नंबर दिला होता. एवढी माहिती इम्प्रेशन मारायला पुरते.

तर ही माझी खरी यादी. यात 'ग्रेट' किती आणि 'टाइमपास' किती, ते तुम्ही ठरवा.

अशी ही बनवाबनवी (१९८८)

सांगलीच्या आमच्या घरात हा टीव्हीवर लागला की कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान कुणाला राहायचं नाही. नुसतं 'सत्तर रुपये' म्हणा, पुढचं समोरचा म्हणतो. ही गोष्ट मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मधली, पण सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्यानं ती अशी काही आपलीशी केली की मूळ पिक्चर कुणाला आठवतही नाही. मुंबईत आल्यावर मी जागा शोधायला लागले. 'बॅचलर नको', 'मीडियावाली नको', 'रात्री दहानंतर येणारी तर नकोच नको'. तेव्हा कळलं, घरासाठी लुगडं नेसायची वेळ का येते! लहानपणी ज्यावर हसत होते, तो माझाच प्रॉब्लेम निघाला.

कथा (१९८३)

सई परांजपे यांचा सिनेमा. मुंबईतली चाळ, कासवासारखा सरळमार्गी राजाराम (नसीरुद्दीन शाह) आणि सशासारखा चलाख बाशू (फारूख शेख). तुमच्या ऑफिसात बाशू आहे ना? असतोच. माझ्या पहिल्या नोकरीत होता. माझी आयडिया मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून मांडायचा आणि वर मलाच चहा पाजायचा. राग येण्याऐवजी आवडायचा, हीच तर गोची! फारूख शेखनं बाशू इतका गोड केलाय की आपण फसतो आणि फसताना हसतो. मी नोकरी सोडून फ्रीलान्सर झाले, त्यात या सिनेमाचा थोडा तरी हात आहे.

जाने भी दो यारो (१९८३)

दोन प्रामाणिक फोटोग्राफर, एक बिल्डर, एक भ्रष्ट कमिशनर आणि एक मृतदेह. रंगमंचावरच्या महाभारताचा सीन बघून पोट दुखेपर्यंत हसायचं आणि शेवटी घशाशी काहीतरी अडकायचं. कारण चोर मोकळे सुटतात आणि तुरुंगात जातात ते हे दोघं. कुंदन शहांचा हा सिनेमा प्रत्येक पत्रकारानं वर्षातून एकदा बघावा. डोकं जमिनीवर राहतं.

द लंचबॉक्स (२०१३)

२९ एप्रिल २०२०. लॉकडाऊन, पुण्यातली पीजीची खोली आणि बातमी : इरफान गेला. त्या रात्री मॅगी खात खात हा सिनेमा पाहिला. चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा आणि त्यातून सुरू झालेल्या चिठ्ठ्या. वरच्या मजल्यावरची आंटी तर शेवटपर्यंत दिसतच नाही. फक्त आवाज, तोही आपल्या भारती आचरेकरांचा. तो आवाज ऐकून आईची अशी आठवण आली म्हणता!

टोकियो स्टोरी (१९५३)

आणि आता तो, न बघता मिरवलेला.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आई-बाबा चार दिवस मुंबईला आले. मी नेमकी डेडलाइनमध्ये. मग काय, फंडा सोपा होता. मुंबई दर्शनच्या बसची दोन तिकिटं काढली, दोघांना बसवून दिलं आणि टाटा करून कॅफेत लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी त्यांना डोंबिवलीच्या मावशीकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, 'आम्ही निघतो गं, झाडं सुकतील.' मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

ऑगस्टमध्ये एका रात्री काम नव्हतं म्हणून शेवटी 'टोकियो स्टोरी' लावला. ओनोमिची नावाच्या गावातून म्हातारे आई-वडील मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्युटी पार्लर. कुणीही वाईट नाही हो! फक्त सगळे बिझी. मग दोघं वर्गणी काढून आई-बापांना अतामीच्या गरम झऱ्यांच्या हॉटेलात पाठवतात. तिथं रात्रभर गोंगाट. म्हातारा-म्हातारीला झोप लागत नाही, ती लवकर परत येतात.

आणि नोरिको. युद्धात गेलेल्या मुलाची बायको, एका खोलीत राहणारी. ती ऑफिसातून एक दिवसाची रजा काढते आणि सासू-सासऱ्यांना टोकियो दाखवायला बसमधून नेते. स्वतः बरोबर बसून. मग त्यांना खोलीवर आणते आणि शेजारणीकडून साके उसनी आणून सासऱ्यांना पाजते.

बस तीच. फक्त नोरिको त्यात बसली होती. मला तर रजा नाकारायला बॉससुद्धा नव्हता!

यासुजिरो ओझूचा कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा, शांत. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाला दोष देत नाही. घरी परतल्यावर आई जाते. तिथं मी लॅपटॉप बंद केला. रात्रीचे साडेअकरा. घरी फोन लावला.

'काय झालं गं? बरी आहेस ना?' आई घाबरलेली.

'काही नाही, सहज. त्या दिवशी बसमधून काय काय बघितलंत, ते विचारायचं राहिलंच.'

'आत्ता?' म्हणाली खरी, पण मग वीस मिनिटं सांगत होती. राणीची बाग, जुहू, गाइडचे पाचकळ जोक. आणि जाता जाता, 'यांना गेटवेला बोटीत बसायचं होतं. पण म्हणाले, राहू दे, पोरगी बरोबर असली की बसू.'

फोन ठेवल्यावर उरलेला सिनेमा पाहिला. नीट दिसला नाही.

त्या डिसेंबरात दोघांना पुन्हा बोलावलं. एक अख्खा दिवस फोन बंद. गेटवेवरून बोटीत बसलो. बाबा कठडा घट्ट धरून, समुद्राकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. अर्ध्या तासात परत आलो.

'कसं वाटलं बाबा?'

'एवढंच होय?' बाबा म्हणाले. आणि घरी जाईपर्यंत त्याबद्दलच बोलत राहिले.

तेव्हापासून मी यादी बदलली. इम्प्रेशन मारणारी नावं काढून टाकली. राहिला फक्त 'टोकियो स्टोरी', कारण आता तो मी खरंच पाहिलाय. शेवटपर्यंत मात्र एकदाच. पुन्हा बघायचं अजून धाडस होत नाही.

तुमचे टॉप फाइव्ह कुठले? खरेखुरे सांगा हं!