चैत्यभूमीला निघताना

६ डिसेंबरला दादर स्थानकाबाहेर पडल्यावर वाट विचारावी लागत नाही. निळ्या झेंड्यांमागून चालत गेले की शिवाजी पार्क आणि पुढे चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर येथेच अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी येथे लाखोंचा समुदाय लोटतो. गावाहून आलेल्या लेकरांचे, म्हाताऱ्या आयांचे हात या गर्दीत सुटतात. मोबाईलची बॅटरी संपली की घरच्यांचा नंबरही आठवत नाही.

म्हणून आम्ही कार्यकर्ते प्रत्येकाला सांगतो, खिशात मावेल अशी प्लास्टिकची पिशवी बाळगा. तीत नाव, गाव, नातेवाईकांचे दोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सोबत रोजच्या गोळ्या, जखमेची पट्टी, शिट्टी, सुटे पैसे आणि जलसंजीवनीचे पाकीट. ते एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून प्यायचे असते. लहान मुलांची चिठ्ठी खिशाला आतून सेफ्टीपिनने अडकवा. अडचणीत ११२ नंबर फिरवा.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी, या स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. चिठ्ठीने चेंगराचेंगरी टळत नाही. त्यासाठी रुंद पूल मागितलेच पाहिजेत. पण बेशुद्ध माणूस इस्पितळात पोहोचला, तर तो कोण, हे चिठ्ठीच सांगते. आपला माणूस कुठेही बेनाव पडू नये.

यंदा पुस्तकांसाठी पैसे बाजूला काढाल, तेव्हा ही पिशवीही भरा. जयभीम!