टपावरची काडी

आमच्या घरी रेडिओ आला तेव्हा त्याच्यासोबत दोन गोष्टी आल्या: दरवर्षी पोस्टात नेऊन शिक्का मारून आणायची परवान्याची पुस्तिका आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं. वडील आलापल्लीच्या जंगलात वनरक्षक होते. क्वार्टरच्या कौलांपासून समोरच्या मोहाच्या झाडापर्यंत त्यांनी ती तार ताणली, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर बांधले आणि एक फाटा खिडकीतून आत घेतला. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, ती बातमी आम्हाला याच तारेने दिली.

नागपूर केंद्र लागायचं ५८५ किलोहर्ट्झवर. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. अँटेना नीट बसवायचा तर तो लहरीच्या निदान पाव असावा, म्हणजे १२८ मीटर. आमची तार त्यापुढे काहीच नव्हती, तरी बातम्या, शेतीचा कार्यक्रम, भजनं सगळं खणखणीत यायचं. याचं कारण पुढे धंद्यात पडल्यावर कळलं आणि मग ते विसरलो नाही. ऐकायला तोकडी तार पुरते, बोलायला मापाची लागते.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तार उतरली. त्याच्या पोटात फेराइटची कांडी असते. आवाज खोल गेला की आई तो डबा गोल फिरवायची आणि कांडी केंद्राला आडवी आली की आवाज पुन्हा वर यायचा. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा गावोगाव छपरांवर अँटेनाचे बांबू उभे राहिले. एक जण वर, एक जण खाली टीव्हीपुढे, आणि मधल्या अंगणातून ‘अजून थोडा, अजून थोडा, बस!’ अशी ओरड. त्या बांबूंवर चढउतार करतच मी हे काम शिकलो. मग आयटीआय, मग चंद्रपुरात दुकान, आणि त्यातून वायरलेसची कामं.

अमेरिकेत ट्रकवाले ज्या सीबी रेडिओवर गप्पा मारतात, तो मी पहिल्यांदा चित्रात पाहिला. तिथल्या सरकारने १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सामान्य माणसासाठी खुला केला. १९७३ च्या तेलटंचाईत वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली, तेव्हा पंप कुठे उघडा आहे आणि पोलीस कुठे उभा आहे हे सांगायला ट्रकवाल्यांनी तो हाती घेतला. ती लहर ११ मीटरची, तिचा पाव पावणेतीन मीटर. एवढी काडी गाडीवर झेपत नाही, म्हणून बुडाशी वेटोळं घालून तिची उंची कमी करतात. आपल्याकडे २००५ पासून त्या पट्ट्यात पाच वॅटपर्यंत परवान्याशिवाय बोलता येतं, पण अँटेना सेटमध्येच असावा अशी अट आहे. टपावर काही लावायचं तर परवाना हवाच. १९३३ च्या वायरलेस कायद्यात तर विनापरवाना सेट नुसता बाळगणंही गुन्हा होता. गडचिरोलीत तर हे फार गांभीर्याने घेतात. खासगी गाडीवर उंच काडी घेऊन भामरागडच्या रस्त्याला लागा, पहिल्याच नाक्यावर चौकशी होईल.

वन विभागाचे सेट व्हीएचएफवर चालतात. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास लहर दोन मीटरची आणि तिचा पाव अर्धा मीटर. हातभर काडीत काम होतं. पण ती काडी एकटी पुरत नाही. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचं पत्र्याचं टप. आरशाला काडी बांधून आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांचा आवाज एका बाजूला जातो आणि दुसऱ्या बाजूला पडतो. काडीची जागा टपाच्या मधोमध.

वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यासाठी घेतलेल्या एका पिकअपवर हे काम करताना ड्रायव्हर माझा हात धरून म्हणाला, “भाऊ, नव्या गाडीले भोक पाडता काय?”

त्याला शेजारी बसवून काम दाखवलं. आधी आतलं अस्तर खाली घेतलं, वायरी बाजूला केल्या, मग होल सॉने भोक. भोकाच्या कडेचा रंग पत्र्याच्या खालच्या बाजूने कानशीने खरवडला, कारण बेसचा धातू उघड्या पत्र्याला टेकला नाही तर टप असून नसल्यासारखं. वरून रबरी वॉशर, त्यावर सिलिकॉन, नाहीतर पहिल्याच पावसात ड्रायव्हरच्या मांडीवर थेंब. केबल खांबाच्या आतून खाली आणली. सेटची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला, म्हणजे अल्टरनेटरची शिट्टी आवाजात शिरत नाही.

मग मीटर. बटण दाबलं की सेटची ताकद बाहेर किती जाते आणि आपटून परत किती येते ते हा मीटर सांगतो. दीडच्या आत काटा हवा. काडी मुद्दाम लांब घ्यायची आणि दोन-तीन मिलिमीटरच कापायची, कारण कापलेली परत जोडता येत नाही. ड्रायव्हर काट्याकडे बघत होता. काटा उतरला तसा म्हणाला, “आता बसला भाऊ.”

लोक मला जास्त वॅटचा सेट मागतात. मी सांगतो, ताकद दुप्पट केली तरी ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवेल. काडी टपाच्या मधोमध आणा, केबल बदला, आवाज पुढे पाठवणाऱ्या टेकडीवरच्या रिपीटरची बॅटरी सांभाळा. व्हीएचएफची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपली, आणि भिजलेलं सागाचं पानही तिला खातं. पावसाळ्यात चामोर्शीकडून जे सहज ऐकू येतं ते एटापल्लीच्या डोंगरात नाहीसं होतं.

आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे, मग हे कशाला, असं विचारतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा मोसम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वारा आला की आग जाळरेषा ओलांडते. मोबाइलवर एक माणूस एकाशीच बोलतो. वायरलेसवर एका बीटगार्डने ‘धूर दिसतो’ म्हटलं की वनपाल, रेंजर, शेजारची बीट आणि पिकअपचा ड्रायव्हर, सगळ्यांना एकाच वेळी कळतं. पर्लकोटा नदीवरचा पूल पाण्याखाली गेला की भामरागड तुटतं, टॉवरची वीज जाते, आणि बॅटरीवरचा सेट तेव्हाही बोलतो.

म्हणून गाडी ताब्यात असणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पावसाळ्याआधी एकदा टपावर चढा. बेस हलतो का, रबर चिरलं आहे का, केबलच्या टोकाला हिरवा गंज धरला आहे का ते पाहा. काडी वाकली असेल तर सरळ करत बसू नका, मापाची नवी लावा. आणि मोबाइलला रेंज आहे म्हणून ती काढून ठेवू नका. ज्या दिवशी गरज पडेल, त्या दिवशी ती बसवायला वेळ नसेल.