नेटवर्कला हात लावण्याआधी

चि. भाचेबुवा,


परवा रात्री तुझा फोन आला, "मामा, मशीन चालू आहे, पण आत शिरता येत नाही." नेटवर्कच्या फाइलीत एक आकडा चुकला आणि एसएसएचचं दार बंद. शेवटी जुन्या स्नॅपशॉटवर परतलास नि दोन दिवसांचं काम गेलं. व्हर्च्युअल मशीनला सीरियल पोर्ट लावून ठेवला असतास तर मागच्या दारानं आत गेला असतास.

आमच्या कारखान्यात हा पोर्ट नऊ पिनांचा. दोनवर ऐकायचं, तीनवर बोलायचं, पाच ग्राउंड. दोन कॉम्प्युटर जोडायचे तर दोन-तीनची अदलाबदल करून केबल सोल्डर करायची. मी एकदा सरळच जोडली. अख्खी दुपार दोघंही बोलत होते, ऐकत कोणीच नव्हतं! तुझ्या मशीनला ना पिना ना तार, पण सीरियल पोर्टच्या 1960च्या आरएस-232 मानकाची ती चाल अजून तशीच आहे.

केव्हीएममध्ये पोर्ट बहुधा आधीच लावलेला असतो. 'व्हर्श कन्सोल' लिहून मशीनचं नाव दिलंस की जोडलं गेल्याचं येतं, आणि पुढे काळोख. सगळे इथंच फसतात. पोर्ट ठीक असतो. तिथंही बोलायचं, हे आतल्या लिनक्सला कुणी सांगितलेलं नसतं. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत आधी 'कन्सोल=टीटीवाय0' आणि मग 'कन्सोल=टीटीवायएस0,115200' घाल. क्रम चुकवू नकोस, शेवटचा तोच मुख्य धरला जातो. मग 'अपडेट-ग्रब' आणि रीस्टार्ट. तरी पडदा कोराच दिसला तर घाबरू नकोस, एकदा एंटर दाब. लॉगिन तुझ्या आधीच येऊन गेलेलं असतं.

तो 115200 म्हणजे वेग. खऱ्या तारेवर तो जुळला नाही की पडद्यावर भुताची अक्षरं. इथं बहुधा काही बिघडत नाही, तरी मी लिहितोच. हाताची सवय.

विंडोजवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीनं जोडायची तर दोन्हीकडे 'होस्ट पाइप' निवडून एकच नाव दे. पहिल्याला पाइप तयार करू दे, दुसऱ्याला फक्त जोडून घे. तारांची अदलाबदल तिथं करावी लागत नाही.

कन्सोलमधून बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस. मी पहिल्यांदा ते न कळून खिडकीच बंद केली होती.

आणि ताईला फोन कर. तुला रात्री दोनपर्यंत जागवलं म्हणून ती माझ्यावर चिडली आहे.

तुझा,
मामा