मुलाच्या शूच्या जागी सूज आली तेव्हा

"मला शू करायचीच नाही!" म्हणत माझा चार वर्षांचा मुलगा बाथरूमच्या दाराशी रडत उभा राहिला, तेव्हा मला वाटलं नाटकं चालली आहेत. चड्डी काढून पाहिलं तर शूच्या जागेचं टोक लालबुंद, सुजलेलं. तुमच्या घरी असं झालं असेल, तर माझी धडधड तुम्हाला कळेल.

बेंगळुरूत आम्ही नवे. नवरा ऑफिसात, सासूबाई साताऱ्याला. रिक्षा करून जयनगरमधल्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "आंघोळीत कातडी मागे ओढता का?" हो, ओढत होते. तो तान्हा असताना मालिशवाल्या मावशींनी बजावलं होतं, रोज तेल लावून मागे करा, नाहीतर पुढे ऑपरेशन. मी ते इमानेइतबारे करत होते, वर साबणही लावत होते.

"एळीबेडि," डॉक्टर म्हणाल्या. ओढू नका. माझ्या मोडक्या कन्नडलाही ते समजलं.

ही कातडी जन्मतः आतल्या भागाला चिकटलेलीच असते. ब्रिटिश डॉक्टर डग्लस गेर्डनर यांनी १९४९ साली लिहून ठेवलंय की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची ती पूर्ण मागे जाते. पुढे ती आपली आपण सुटते, कुणाची तिसऱ्या वर्षी, कुणाची दहाव्या. जोर केला तर बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण होतो आणि कातडी खरंच घट्ट होऊन बसते. म्हणजे ज्या ऑपरेशनला मी घाबरत होते, त्याचीच तयारी मी रोज करत होते!

उपाय साधा होता. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसवायचं, साबण बंद, मऊ कापडाने टिपायचं आणि त्यांनी दिलेलं मलम. (घरात पडलेली ट्यूब मनाने लावू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं.) जळजळ होते म्हणून शू त्या टबातच करू दिली. चार दिवसांत लाली उतरली. पण शू अडली, ताप आला किंवा मागे गेलेली कातडी पुढे येईना, तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

निघताना डॉक्टर सहज म्हणाल्या, मोठ्या पुरुषांना हा त्रास पुन्हापुन्हा झाला तर साखर तपासावी, मधुमेहात तिथे बुरशी लवकर धरते. रात्री हे सांगितलं तर नवरा गप्पच झाला. त्याला वर्षात दोनदा झालं होतं, लाजेने बोलला नव्हता. शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आला.