मरीच्या वाटेवर

मी मूळचा चिपळूणचा. नोकरीमुळे बरीच वर्षे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात राहतो. माझे अब्बा ट्रक दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्या गॅरेजात माझ्याकडे पाने उचलून द्यायचे काम असे. तेव्हा कंटाळा यायचा. त्या कामाची किंमत मला फार पुढे, एका ओसाड रस्त्यावर कळली.

ऑस्ट्रेलियात पुष्कळ लोक व्हॅनमध्येच पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून महिनोन् महिने भटकतात. मीही तशी एक जुनी व्हॅन घेतली. त्या ऑक्टोबरात मुलांच्या परीक्षा होत्या, म्हणून एकटाच मरीला निघालो. पत्नीने वीस लिटरचा पाण्याचा कॅन गाडीत ठेवला. "टाकी भरलेली असताना कॅन कशाला?" मी म्हणालो. तिने उत्तर दिले नाही, कॅनही काढला नाही. सूर्य मावळेपर्यंत मरीहून फोन आला नाही तर पोलिसांना कळवणार, हे मात्र तिने बजावले.

मरी हे ॲडलेडच्या उत्तरेला साडेसहाशेहून अधिक किलोमीटरवरचे छोटे गाव. एके काळी ते उंटवाल्यांचे गाव होते. १८६० पासून कराचीहून उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसे ऑस्ट्रेलियात येऊ लागली. कोणी बलुची, कोणी पठाण, कोणी पंजाबी किंवा सिंधी. इथे सगळ्यांना 'अफगाण' हेच नाव पडले. १८८४ मध्ये रेल्वे मरीपर्यंत पोहोचली. तिथून पुढचा माल उंटांच्या काफिल्यांवर जाई. ॲडलेडची जुनी मशीद १८८८-८९ च्या सुमाराची, तीही याच लोकांच्या पैशांतून उभी राहिली.

लिंडहर्स्ट सोडल्यावर रस्ता खडीचा होता. अंगावर वळ उठावेत तशा त्यावर आडव्या लाटा उठलेल्या. भांडी खडखडत होती. मरी चाळीस किलोमीटरवर असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. मी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले. बॉनेटखालून वाफ येत होती. फोनला रेंज नव्हती.

अब्बा म्हणायचे, "आधी तू थंड हो, मग गाडी होईल." तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. म्हणून पाऊण तास सावलीत बसलो. मग पाहिले तर रेडिएटरचा वरचा रबरी पाइप क्लिपजवळ चिरला होता, क्लिपही तुटली होती. व्हॅनच्या टाकीखाली पाहिले, तर धक्क्यांनी तिची नळी निसटून टाकी रिकामी झाली होती. कॅनमध्ये बारा लिटर उरले होते. गाडीला सात तरी लागणार. म्हणजे मला पाच, तेही मदत रात्रभर आली नाही तर.

स्वयंपाकाच्या सुरीने पाइपचा चिरलेला तुकडा कापला. उरलेला पाइप ताणून पुन्हा बसवला आणि तारेचे दोन वेढे पकडीने पिळून घट्ट केले. आधी एकच तांब्या पाणी ओतून सांध्यावर बोट फिरवले. बोट कोरडे राहिले, तेव्हा बाकीचे ओतले. वजूसाठी पाणी खर्चणे शक्य नव्हते. स्वच्छ मातीवर तयम्मुम करून जोहरची कस्र नमाज पढलो.

तेवढ्यात एक कॅरव्हॅन थांबली. सत्तरीच्या बाई, त्याही एकट्याच. या रस्त्यावर बॉनेट उघडे दिसले की कोणी न विचारता पुढे जात नाही. त्यांनी आपल्या डब्यातून क्लिप काढून दिली. तार सोडून मी ती बसवली. पाइपवर दाब कमी राहावा म्हणून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवले, एसी बंद केला आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून हीटर चालू केला. मग पन्नासच्या वेगाने निघालो. त्या बाई शेवटपर्यंत मागे राहिल्या.

मरीत उंटवाल्यांच्या छोट्या मशिदीची प्रतिकृती उभी आहे. तिच्यासमोर मी थोडा वेळ थांबलो. १९२० नंतर मोटारी आल्या आणि या लोकांची रोजी गेली. कित्येकांनी उंट रानात मोकळे सोडले. आज त्यांच्याच वाटेवर माझी मोटार अडली होती, आणि तिलाही आधी पाणीच लागले होते.

तेव्हापासून माझ्या गाडीत दोन कॅन, जादा पाइप, चार क्लिपा, तार, चिकटपट्टी, पकड आणि पाने असतात. एक क्लिप दुसऱ्या कोणासाठी.

सूर्य मावळायला वीस मिनिटे होती. सार्वजनिक फोनवरून घरी फोन लावला. सगळे ऐकून पत्नीने एवढेच विचारले, "कॅनमध्ये किती उरलंय?"