पहिली गाय

12 डिसेंबर, शुक्रवार

चौकटीच्या वहीचं कोरं पान घेऊन सात रकाने आखले: ससे, मेंढ्या, डुकरं, गायी, घोडे, लहान कुत्रा, मोठा कुत्रा. डब्यातल्या प्राण्यांच्या चकत्या मी काढत नाही. एकटीने खेळायला दोन फासे, पेन्सिल आणि हे पान पुरतं. एका दानाची एक ओळ.

खेळ पोलंडचा, ‘सुपरफार्मर’ नावाने मिळतो. ससा, मेंढी, डुक्कर, गाय आणि घोडा, प्रत्येकी निदान एक, एकाच वेळी आपल्या गोठ्यात असला की डाव जिंकला. सुरुवात रिकाम्या गोठ्याने. फाशांवर जे प्राणी दिसतील ते आपल्याकडच्या त्याच प्राण्यांत मिळवायचे, जोड्या मोजायच्या. जितक्या पूर्ण जोड्या, तितकी पिल्लं आपली.

आजची सुरुवात ससा-ससा अशी झाली. एक जोडी, एक ससा. मग ससा-मेंढी: घरचा एक आणि फाशावरचा एक मिळून जोडी, म्हणजे दुसरा ससा, मेंढी एकटीच, तिचं काही मिळत नाही. पुन्हा ससा-ससा: दोनात दोन, जोड्या दोन, ससे चार. मग ससा-डुक्कर: पाचात जोड्या दोन, ससे सहा. पहिल्या रकान्यात 1, 2, 4, 6 असे आकडे खाली उतरत जाताना पाहिले की पुढचं दान कधी टाकते असं होतं.

सहा सशांची एक मेंढी, दोन मेंढ्यांचं एक डुक्कर, तीन डुकरांची एक गाय, दोन गायींचा एक घोडा. हे दर ठरलेले आहेत. चौघं खेळत असतील तर आपसात देवघेव चालते. एकटीला फक्त मुख्य कळपाशी, म्हणजे डब्यातल्या प्राण्यांशी, याच दराने, आणि फासे टाकण्याआधी एकदाच.

13 डिसेंबर, शनिवार

आज डाव मांडला नाही. फासे हातात घेऊन एकेक पृष्ठभाग वहीत उतरवून काढला. फासे नेहमीचे सहा बाजूंचे नाहीत, बारा बाजूंचे आहेत; प्रत्येक बाजू पंचकोनी. पहिल्यावर सहा ससे, तीन मेंढ्या, एक डुक्कर, एक गाय, एक लांडगा. दुसऱ्यावर सहा ससे, दोन मेंढ्या, दोन डुकरं, एक घोडा, एक कोल्हा.

दहावीच्या मुलांना संभाव्यता शिकवताना दोन फाशांचा नमुना अवकाश छत्तीस घटकांचा असतो. इथे तो 144 चा. ससा-ससा पडण्याचे प्रकार 36, म्हणजे चारात एक. मेंढी-मेंढी सहा प्रकारांनी, म्हणजे चोविसात एक. डुक्कर-डुक्कर दोन प्रकारांनी, बहात्तरात एक. आणि गाय-गाय? एकही नाही. गाय फक्त पहिल्या फाशावर आहे, घोडा फक्त दुसऱ्यावर. दोन गायी एका दानात दिसणारच नाहीत.

म्हणजे कितीही वेळा फासे टाकले तरी पहिली गाय फाशातून येत नाही. ती डुकरं देऊनच घ्यावी लागते. एकदा ती दावणीला आली की मात्र फाशावरच्या गायीला अर्थ येतो: घरची एक, फाशावरची एक, जोडी झाली, दुसरी गाय मिळाली. गोठ्यात गाय नसताना तोच पृष्ठभाग वर आला तर हाती काही लागत नाही. दान तेच, फळ वेगळं. नशीब असलेलं वाढवतं, एवढंच या फाशांचं म्हणणं आहे, आणि ते मला पूर्ण पटतं.

सगळ्यांचा हिशेब सशांत केला. मेंढी 6, डुक्कर 12, गाय 36, घोडा 72. त्यात खुद्द एक ससा. पूर्ण गोठ्याची किंमत 127 ससे.

15 डिसेंबर, सोमवार

शाळेतून आल्यावर एक डाव. सात ससे झाले तेव्हा सहा देऊन मेंढी घेतली आणि एक ससा ठेवला. हा एक ठेवणं फार महत्त्वाचं. सहा असताना सहाही दिले तर पुढच्या दानात एकटा ससा पडला तरी जोडी होत नाही. एक घरात असेल तर होते. शेतकरी घरात दाणा कमी पडला तरी बियाण्याला हात लावत नाही, तसा हा शेवटचा ससा.

शिवाय विषम आकडा नेहमी चांगला. दोन मेंढ्यांत फाशावरची एक मिळाली तर तीन, जोडी एकच. तीन मेंढ्यांत एक मिळाली तर चार, जोड्या दोन. एका मेंढीच्या फरकाने पिल्लं दुप्पट. म्हणून अदलाबदल करताना किती मिळतं याच्याआधी मागे किती उरतं ते मी पाहते.

कोल्हा पडला की सगळे ससे जातात. मी खेळते त्या कडक नियमाने एकही उरत नाही. लहान कुत्रा असेल तर ससे वाचतात आणि कुत्रा जातो. त्याची किंमत एक मेंढी, म्हणजे सहा ससे. कोल्ह्याची शक्यता दर दानाला बारात एक. सहा दानांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण चाळीस टक्के. चार-पाच ससे असताना कुत्रा घेणं महाग पडतं. पण बारा-पंधरा ससे साठवून वर जायचं असेल तर तो आधी दारात हवा.

16 डिसेंबर, मंगळवार

आजचं पान लांडग्याचं. ओळ अशी होती: ससे 3, मेंढ्या 5, डुकरं 2, गाय 1. गाय देऊन लांडग्यापासून राखणारा मोठा कुत्रा घेता आला असता, पण मग गायीचा रकाना पुन्हा रिकामा. गाय ठेवली आणि फासे टाकले. लांडगा-घोडा. पुढची ओळ: ससे 3, बाकी सगळं शून्य. पाच मेंढ्यांचे तीस, दोन डुकरांचे चोवीस, गायीचे छत्तीस. नव्वद सशांचा ऐवज एका दानात गेला.

फासा उचलून पुन्हा पाहिला. गाय आणि लांडगा एकाच फाशावर आहेत, प्रत्येकी एका बाजूला. म्हणजे दुसऱ्या गायीची जितकी आशा, तितकीच लांडग्याची धास्ती. दोन्ही बारात एक, रतीभरही फरक नाही. दुसऱ्या फाशावर घोडा आणि कोल्हा तसेच समोरासमोर तोललेले. ज्याने हे आखलं त्याला शक्यतांचा तोल कसा राखायचा ते नेमकं ठाऊक होतं.

चकत्यांनी खेळताना लांडग्याने नेलेले प्राणी डब्यात परत जातात आणि गोठा कधी भरलेला होता याची खूणही राहत नाही. वहीत ती ओळ राहते. शून्याच्या वरच 3, 5, 2, 1 दिसत असतात. त्या ओळीपर्यंत कुठून कशी आले, तेही वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. म्हणून मला हा खेळ लिहून खेळायला आवडतो: गेलेलं काय होतं आणि ते कसं उभं केलं होतं, हे दोन्ही समोर असतं, आणि पुन्हा उभं करताना त्याचाच आधार होतो.

शाळेच्या वाटेवर एका मोकळ्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली आहेत, खतासाठी. सकाळी कळप चरायला निघाला होता आणि कुत्री त्याच्या कडेकडेने चालली होती. हजार कामांत गुंतलेल्या माणसाला राखणीचा खर्च आधी दिसतो. त्या कुत्र्यांकडे पाहिल्यावर तो कशासाठी असतो ते दिसतं.

18 डिसेंबर, गुरुवार

हा खेळ ज्याने केला त्याचं नाव कारोल बोर्सुक. 1905 सालचा जन्म, वॉर्साचा गणिती, संस्थितिशास्त्रातलं मोठं नाव. बोर्सुक-उलाम प्रमेय त्याचंच, 1933 चं. प्रश्न स्तानिस्लाव उलामचा, सिद्धता बोर्सुकची. त्याचा एक निष्कर्ष वर्गात सांगितला की मुलं थक्क होतात: या क्षणी पृथ्वीवर अगदी एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असलेले असे दोन बिंदू आहेतच, जिथे तापमानही सारखं आणि हवेचा दाबही सारखा. कुठे, ते प्रमेय सांगत नाही. आहेत, एवढं निश्चित सांगतं. त्याच वर्षी त्याने विचारलेला दुसरा प्रश्न, एखादी आकृती मूळ आकृतीपेक्षा लहान व्यासाच्या किती तुकड्यांत विभागता येते, साठ वर्षं गणितज्ञांना पुरला. 1993 मध्ये कान आणि कलाई यांनी दाखवून दिलं की बोर्सुकला अपेक्षित असलेलं उत्तर सर्व मितींत टिकत नाही. बोर्सुक 1982 मध्ये गेला होता.

खेळ आला 1943 मध्ये. जर्मनांनी वॉर्साचं विद्यापीठ बंद केलं होतं, प्राध्यापकाचा पगार थांबला होता. घर चालवायला त्याने हा खेळ रचला. चित्रं यानिना श्लिवित्स्का यांनी काढली, डबे घरीच तयार होत, आणि विक्रीचं काम त्याची पत्नी झोफिया पाहत असे. उपाशी शहरात लोक ससे-मेंढ्या-गायींनी भरलेला गोठा फाशांवर उभा करत होते. 1944 च्या उठावात वॉर्सा जळालं, खेळाचे डबेही गेले. शहराबाहेर गेलेला एक संच तेवढा वाचला आणि पुढे बोर्सुक कुटुंबाकडे परत आला. त्यावरूनच ग्राना या पोलिश प्रकाशकाने 1997 मध्ये खेळ पुन्हा बाजारात आणला.

हे कळल्यापासून लांडग्याच्या ओळीकडे मी वेगळ्या आदराने पाहते. ज्याच्या आयुष्यात खरोखर सगळं जात होतं, त्याने खेळातही सगळं जाऊ दिलं. पण ससा-ससा हे दान चारात एक ठेवलं, म्हणजे शून्यावरून उठायला फार वाट पाहावी लागू नये.

21 डिसेंबर, रविवार

सकाळी महावीर उद्यानात गेले. तिथे पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलिश लोकांची छावणी होती, सुमारे पाच हजारांची. त्यात बायका-मुलंच जास्त. सोव्हिएत हद्दीत हद्दपार केलेले हे लोक इराणमार्गे इथवर पोचले. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं.

वळिवड्याची बहुतेक मुलं वॉर्साची नव्हती, आणि हा खेळ त्यांच्यापर्यंत आला असेल असं मी म्हणणार नाही. पण साल एकच. ज्या वर्षी बोर्सुक दोन फाशांवर प्राणी मांडत होता, त्याच वर्षी त्याच्या देशाची मुलं पंचगंगेच्या खोऱ्यात नव्याने शाळेत बसत होती. बरोबर आणण्यासारखं त्यांच्याजवळ थोडंच होतं. भाषा, प्रार्थना, नाच-गाणी आणली आणि इथे वाढवली.

24 डिसेंबर, बुधवार

डाव पूर्ण झाला. शेवटचा टप्पा असा: ससे 3, मेंढी 1, डुक्कर 1, गाय 1, मोठा कुत्रा 1. यावेळी पहिली गाय आली ती कुत्र्यासाठीच दिली, आणि दुसरी जमवायला पुन्हा खालून वर आले. मग गाय-मेंढी पडली: गायी दोन, मेंढ्या दोन. पुढच्या दानाआधी एक मेंढी देऊन लहान कुत्राही घेतला. मग लांडगा. मोठ्या कुत्र्याच्या रकान्यात 1 चा 0 झाला, बाकी ओळ जशीच्या तशी. मग पुन्हा गाय: दोनात एक, जोडी एक, गायी तीन. दोन देऊन घोडा घेतला. 3, 1, 1, 1, 1.

या एका पानावर पहिली गाय गोठ्यात राहिलीच नाही, आणि तरी पुढच्या सगळ्या गायी तिच्यामुळेच टिकल्या.

28 डिसेंबर, रविवार

उद्या दहावीच्या वर्गात फासे नेणार आहे. मुलांना एकेक चौकटीचं पान देईन. प्रत्येकाने आपापला गोठा लिहायचा, दान मात्र सगळ्यांचं एकच, मी टाकीन ते. चाळीस जणांना तेच फासे, आणि अर्ध्या तासात चाळीस निरनिराळे गोठे तयार होतील. कुणी लवकर कुत्रा घेईल, कुणी ससे साठवेल, कुणी सगळे ससे देऊन टाकेल. शक्यता मोजायच्या कशासाठी, ते त्या पानांवरून त्यांचं त्यांनाच उमजेल.

त्याआधी फळ्यावर दोन्ही फाशांच्या बारा-बारा बाजू लिहून देईन आणि एकच प्रश्न विचारीन: पहिली गाय कुठून येईल?