‘पर्यंत’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत



बरेच दिवस या पानावर डावणी, भुरी आणि थिनिंगच्याच नोंदी चालल्यात. आजची नोंद जरा वेगळी आहे, पण बागेबाहेरची नाही. गेली 2 वर्षं मी रोज रात्री जेवण झाल्यावर 5 ओळी इंग्रजीत लिहितो. दिवसभरात शेतात आणि घरात जे झालं तेवढंच. दोनशे पानी वह्या चार भरल्या, पाचवी चालू आहे. काही जणांनी विचारलं, आता या वयात कशाला? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शेतकऱ्याच्या इंग्रजीबद्दल लोकांचा एक समज आहे की आपल्याला मोठे शब्द येत नाहीत. खरं तर उलटं आहे. सिस्टेमिक, कॉन्टॅक्ट, कॅनॉपी, ब्रिक्स, टनेज, रेसिड्यू, एमआरएल, पीएचआय हे शब्द बांधावर रोज चालतात. शाळा न बघितलेला आमचा गडीसुद्धा ‘ईसी हाय का डब्ल्यूजी?’ विचारून औषध कालवतो. आपलं अडतं ते बारक्या शब्दांवर. बिफोर, आफ्टर, बाय, अनटिल, विदिन, सिन्स, नॉट. आणि पैसा असो नाहीतर जीव, निकाल लागतो तो याच बारक्या शब्दांवर.

औषधाच्या डब्यासोबतचं घडीपत्रक बघा. त्यात मराठी असते, पण अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं. पूर्ण माहिती नेटवर शोधायला गेलं की बहुतेक इंग्रजीतच सापडते. डोस हेक्टरी दिलेला असतो, म्हणजे साधारण अडीच एकराला. 1000 मिली लिहिलं असेल तर आपल्या एकराला 400 च्या आसपास. पुढच्या रकान्यात शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यामधले दिवस असतात. तिथं ‘बिटवीन’ आणि ‘लास्ट’ हे दोन शब्द नीट वाचले नाहीत तर दिवस कुठून मोजायचे तेच कळत नाही. आणि खाली विषबाधेच्या जागी बऱ्याच पत्रकांवर एक ओळ असते. तिचा अर्थ असा की यावर ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करा. म्हणूनच पेशंटला दवाखान्यात नेताना डबा आणि पत्रक सोबत न्यायचं असतं. डब्यावरचा तिकोन लाल, पिवळा, निळा की हिरवा हे रंग सगळ्यांना कळतात. पण रंग फक्त विष किती कडक ते सांगतो. काय करायचं ते अक्षरांत असतं.

निर्यातीच्या बागेत तर सगळा कारभारच कागदावर. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळं आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते जुन्या बागाईतदारांना आठवत असेल. तेव्हापासून कोणतं औषध, कधी, किती, या नोंदीला माल इतकीच किंमत आली. लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत, ग्लोबल गॅपची वही इंग्रजीत, व्यापाऱ्याचा मेसेज इंग्रजीत. रिपोर्टवर ‘बीएलक्यू’ लिहिलेलं असतं. बरेच जण त्याला ‘शून्य’ समजतात. तो शून्य नाही. मशीनला खात्रीनं मोजता येईल त्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ.

मग हे शिकायचं कसं? पुस्तकं आणून बघितली. त्यात कोणीतरी स्टेशनवर तिकीट काढतो, कोणीतरी हॉटेलात चहा मागवतो. ते वाक्य पाठ होतं आणि आठवड्यात विसरतं, कारण ते आपल्यासोबत घडलेलंच नसतं. स्वतःचा दिवस लिहिताना मात्र अर्थ आधीच डोक्यात पक्का असतो. आज काय झालं ते मला माहीत आहे, फक्त शब्द शोधायचे असतात. एका वेळी एकच अवघड गोष्ट. शिवाय शेतात तीच कामं फिरून फिरून येतात. फवारणी, पाणी, मजूर, घड, हवामान. म्हणजे तोच शब्द वर्षात शंभर वेळा हातातून जातो. पाठांतर वेगळं करावं लागत नाही.

नमुन्याला डिसेंबरमधल्या एका दिवसाची नोंद देतो. वहीत इंग्रजी लिपीत आहे, इथं आपल्या लिपीत:

टुडे वी थिन्ड द बंचेस इन प्लॉट टू. एट विमेन केम. वन वेंट होम बिफोर लंच बिकॉज हर सन हॅड फीव्हर. पावडरी इज ऑन द लोअर लीव्हज, नॉट ऑन द बंचेस. टुमॉरो आय विल नॉट स्प्रे अनटिल द ड्यू ड्राइज.

यात एकही भारी शब्द नाही. पण बिफोर आहे, बिकॉज आहे, नॉट आहे, अनटिल आहे. भुरी पानावर आहे, घडावर नाही, हा फरक ‘ऑन’ आणि ‘नॉट ऑन’नं सांगितला. तज्ज्ञाला फोटो पाठवताना याच्यापेक्षा जास्त काय लागतं?

ही नोंद माझ्या मुलीनं वाचली. ती नववीत आहे. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘पप्पा, हे ‘वी’ म्हणजे कोण कोण?’’

मी म्हणलं, ‘‘आम्ही. म्हणजे मी, तुझी आई आणि बाया.’’

‘‘मग मी त्यात आहे का नाही?’’

प्रश्न बरोबर होता. मराठीत ‘आम्ही’ म्हणलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हणलं की ऐकणारा आत. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘वी’. तेव्हापासून व्यापाऱ्याच्या कागदात ‘वी’ दिसलं की मी आधी बघतो, या ‘वी’त मी आहे का नाही. नुकसान ‘आपण’ सोसायचं की ‘तुम्ही’, हे त्यावर ठरतं.

लिहिता लिहिता असे बरेच शब्द सापडत गेले. काही सांगतो.

‘पर्यंत’ घ्या. ‘सोमवारपर्यंत सॅम्पल दे’ आणि ‘सोमवारपर्यंत तोडा थांबव’. आपल्याला दोन्हीकडं एकच ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय मंडे’, म्हणजे सोमवार किंवा त्याच्या आधी कधीही. दुसऱ्याला ‘अनटिल मंडे’, म्हणजे सोमवार येईतोवर थांबूनच राहायचं. एकात काम करायचं आहे, दुसऱ्यात करायचं नाही.

‘पासून’चंही तसंच. ‘सोमवारपासून मिलीबग दिसतोय’ याला ‘सिन्स’. ‘तीन दिवसांपासून दिसतोय’ याला ‘फॉर’. तारीख किंवा वार असेल तर सिन्स, मुदत असेल तर फॉर.

‘परवा’ तर भलताच. आपला परवा मागंही असतो आणि पुढंही. ‘परवा फवारणी’ म्हणजे झाली की व्हायची, ते क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत असा शब्दच नाही, तिथं मागचा परवा वेगळा आणि पुढचा वेगळा. म्हणून मी वहीत सरळ तारीखच घालतो. ती सवय मराठी नोंदीतही लागली, आणि पीएचआय मोजायला तीच कामाला येते.

आणि ‘इन’ व ‘विदिन’. ‘इन सेव्हन डेज’ म्हणजे सात दिवसांनी. ‘विदिन सेव्हन डेज’ म्हणजे सात दिवसांच्या आत. परत फवारणी घ्यायची असेल तर यातला फरक तुम्हीच बघा.

याचा उपयोग कुठं झाला ते सांगतो. गेल्या हंगामात एका निर्यातदाराचा करार सहीला आला. तोंडी बोलणं झालं होतं, ‘माल गेला की तीस दिवसांत पैसे.’ कागदावर मात्र होतं, ‘विदिन थर्टी डेज ऑफ अरायव्हल’. अरायव्हल म्हणजे माल गेल्यापासून नाही, पोचल्यापासून. नाशिकचा कंटेनर मुंबईच्या बंदरातून हॉलंडला पोचायला आधीच काही आठवडे लागतात. त्यात 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा अजून दहा-पंधरा दिवस वाढले. म्हणजे तोंडचे तीस दिवस कागदावर दोन महिन्यांच्या वर जातात. इकडं औषधवाल्याची उधारी, मजुरी आणि खरड छाटणीचा खर्च एप्रिलमध्येच उभा राहतो.

मी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘भाऊ, हे अरायव्हल कशाला? आपलं तर डिस्पॅचचं ठरलं होतं.’’ तो म्हणला, ‘‘सगळ्यांच्या करारात हेच असतं, आजवर कुणी विचारलं नाही.’’ दोन दिवस फोनाफोनी झाली. तीस दिवसांवर ते आले नाहीत. शेवटी डिस्पॅचपासून पंचेचाळीस दिवसांवर जमलं, आणि तसं कागदावर आलं. त्याच करारात ‘बायर मे रिजेक्ट’ आणि ‘ग्रोअर शॅल रिप्लेस’ असंही होतं. ‘मे’ म्हणजे त्याची मर्जी, ‘शॅल’ म्हणजे आपल्यावर बंधन. ती ओळ काही बदलली नाही. पण सही करताना ती काय आहे हे मला माहीत होतं.

सगळंच इंग्रजीत बसतं असंही नाही. ‘वाफसा’ला एक शब्द मला आजवर मिळाला नाही. कृषी विद्यापीठातले लोक त्याला ‘फील्ड कपॅसिटी’ म्हणतात. ते जवळ जातं, पण ती मोजमापाची भाषा झाली. आपला वाफसा म्हणजे जमीन ओलीही नाही, कोरडीही नाही, मूठ वळली तर ढेकूळ बनतं आणि बोटानं दाबलं तर फुटतं. मी वहीत ‘वाफसा’च लिहितो आणि पुढं इंग्रजीत हे मुठीचं सांगतो. असं समजावून लिहिण्यातच जास्त इंग्रजी शिकायला मिळते. आणि आपल्या भाषेनं एका शब्दात केवढं भरून ठेवलंय, तेही कळतं.

कुणाला सुरू करायचं असेल तर माझी पद्धत अशी:

1. रोज 5 ओळी, जास्त नाही. दमलेल्या दिवशी 2 चालतील, पण कोरं पान ठेवायचं नाही.

2. फक्त आज घडलेलं लिहायचं. एक ओळ झालेल्या कामाची, एक उद्याच्या कामाची, एक ‘बिकॉज’ असलेली, एक आकडा असलेली, आणि एक घरातली. आईचा गुडघा, म्हशीचं दूध, पाव्हणे, काहीही.

3. शब्द अडला तर तिथं मराठी शब्द लिहून पुढं जायचं. मोबाईल लगेच काढायचा नाही. पाचही ओळी झाल्यावर शोधायचा.

4. मराठी वाक्य तयार करून त्याचं भाषांतर करायचं नाही. आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं, ‘नका’ तर अगदी शेवटाला. इंग्रजीत आधी कोण, मग काय केलं. ‘डू नॉट’ही सुरुवातीलाच. म्हणून आधी ‘कोणी’ आणि ‘काय केलं’ हे दोनच शब्द मांडायचे, बाकीचं मागं जोडायचं.

5. रविवारी आठवड्याच्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या. घरात शाळकरी पोरगं असेल तर त्याला ऐकवायच्या. त्याचाही अभ्यास होतो, आणि बापाला शिकवायला मिळतंय म्हणून ते खूशही असतं.

आपल्या ग्रुपमधल्या कृषी सल्लागार मंडळींनाही एक विनंती. शेड्यूल इंग्रजीत पाठवता त्याला हरकत नाही, पण ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदिन’च्या पुढं तारीख टाकत जा, आणि डोस हेक्टरी आहे की एकरी ते लिहा. औषधाचं नाव आम्ही वाचतो. घोटाळा त्याच्या मागच्या पुढच्या शब्दात होतो.

छाटणी जवळ आली आहे. वहीचं पहिलं पान छाटणीच्या दिवशी उघडलं तर दिवसांचा हिशोब आणि इंग्रजी दोन्ही एकाच वहीत राहतील. ज्यांनी सुरू केलं त्यांनी अडलेले शब्द इथं लिहा, मिळून शोधू. मला सध्या ‘घड लूज पडलाय’ला बरा इंग्रजी शब्द हवा आहे.